दाराचे कपाट झाले, त्याची हकिगत

दरवर्षी उन्हाळ्यात केदारनाथचे ‘कपाट’ उघडल्याची बातमी येते आणि भाऊबीजेला ते बंद झाल्याची. हिंदी वाचणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही. मराठी माणूस मात्र क्षणभर थबकतो. त्याच्या लेखी कपाट म्हणजे साड्या, कागदपत्रे आणि दागिन्यांचा डबा ठेवायची, खण असलेली, कुलूप लागणारी उभी वस्तू. देवळाला दार असते. कपाट कशाला असेल?

जुन्या अर्थाने पाहिले तर हिंदीवाल्यांचे बरोबर आहे. संस्कृतात कपाट म्हणजे दार, त्यातही दाराची फळी, पल्ला. रघुवंशात कालिदासाने तरुण रघूच्या रुंद छातीला कपाटाची उपमा दिली आहे. तिथे आपल्या घरातले कपाट डोळ्यांपुढे आणले तर रघूवर अन्याय होईल. कवीला दिसत होता तो राजवाड्याच्या महाद्वाराचा भरभक्कम पल्ला. हाच शब्द प्राकृतातून घासत-घासत आपल्याकडे आला तेव्हा त्याचे ‘कवाड’ झाले. ‘दीप’चा दिवा होताना प-चा व होतो, ‘वट’चा वड होताना ट-चा ड होतो, कपाटाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. हिंदीत त्याचे किवाड झाले, गुजरातीत कमाड. हे सगळे शब्द दाराशी इमान राखून आहेत. आपणही मनाची कवाडे उघडतो तेव्हा दारेच उघडत असतो.

म्हणजे मराठीत एकच शब्द दोनदा आला. एकदा लोकांच्या तोंडून झिजून आणि एकदा संस्कृतातून जसाच्या तसा. झिजलेला शब्द दाराशी राहिला आणि कोरा करकरीत शब्द घरात शिरून फर्निचर झाला. ही गंमत एकट्या मराठीची नाही. गुजरातीत कबाट म्हणजे कपाटच, आणि कानडीत ‘कपाटु’ म्हणजेही तेच. गुजरातपासून कर्नाटकापर्यंतच्या या पट्ट्यात दाराची वस्तू झाली. बाकीच्या बऱ्याच भारताने मात्र त्या वस्तूसाठी अलमारी हा शब्द उचलला. आपल्याकडे विदर्भात आणि मराठवाड्यात अलमारी घरोघर ऐकू येते, आणि पुण्या-कोल्हापूरकडे कपाट. हे का झाले, हे पाहायचे तर जुन्या घराच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहावे लागते.

जुन्या वाड्याची भिंत म्हणजे दोन-तीन फूट जाडीचा दगड, माती आणि विटा यांचा ऐवज. एवढ्या जाडीचा उपयोग न करणे आपल्या माणसांना परवडणारे नव्हते. भिंतीत लहान पोकळी सोडली की दिवळी झाली, त्यात पणती बसली. थोडी मोठी सोडली की कोनाडा झाला. त्यात देव, पंचपाळे, आरशाचा तुकडा, कुंकवाचा करंडा. आणखी मोठी, माणसाच्या छातीएवढी उंच पोकळी सोडून तिच्यात आडव्या फळ्या बसवल्या, पुढे सागवानी चौकट लावून दोन पल्ले आणि कडी-कोयंडा बसवला, की ते फडताळ. माजघरातल्या फडताळात लोणच्याच्या बरण्या, तुपाची बुधली, सणावाराची चांदीची भांडी. ओटीवरच्या फडताळात दौत, बोरू, खर्ड्याचे कागद आणि औषधी मुळ्या. घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला जो किल्ल्यांचा जुडगा असे त्यातली एक किल्ली याची.

आता हे फडताळ बंद असताना त्याचे काय दिसते? भिंतीत बसवलेले एक छोटे दार. आतली पोकळी भिंतीच्या मालकीची, बाजू नाहीत, पाठ नाही, पाय नाहीत. डोळ्यांना दिसतो तो फक्त पल्ला. मला वाटते, कपाट या शब्दाचा अर्थ इथेच बदलला. सुताराने भिंतीच्या पोकळीला लावलेले ते कपाट; मग त्या पोकळीसकट सगळेच कपाट; आणि पुढे भिंतीतून सुटून चार पायांवर उभे राहिलेले तेही कपाटच. दार हा त्या वस्तूचा चेहरा होता, आणि नाव पडते ते चेहऱ्यावरून. इंग्रजी ‘कबर्ड’ आणि आपले ‘कपाट’ यांचा उच्चार जवळ पडल्याने पुढे हा अर्थ घट्ट व्हायला मदतही झाली असेल. पण शब्द तिकडून आलेला नाही. इंग्रजांचे कबर्ड म्हणजे मुळात कप मांडून ठेवायची उघडी फळी. तिला दारे नंतर आली. त्यांची फळी आणि आपले दार, दोन्ही चालत-चालत एकाच वस्तूपाशी पोचली.

मराठी घरात सुटे, उभे कपाट फार उशिरा आले. त्याआधी वस्तू ठेवायच्या जागांचे केवढे तरी प्रकार होते. धान्य बळदात किंवा कणगीत. दूध-दही शिंक्यावर. डाळी-कडधान्ये उतरंडीत, मडक्यावर मडके. भारी लुगडी आणि शालू पेटाऱ्यात किंवा संदुकीत, रोजचे कपडे वळणीवर आणि खुंटीवर. अंथरुणे घडवंचीवर. पोथ्या लाकडी पाट्यांमध्ये धरून बासनात बांधलेल्या. आणि सरकारी कागद रुमालात. हा रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, चांगला मोठा चौकोनी कापडी तुकडा. त्यात कागदांच्या गड्ड्या ठेवून गाठ मारायची. पेशव्यांचे सारे राज्य अशा हजारो रुमालांत बांधलेले होते. पुण्याच्या पेशवे दप्तरातले ते रुमाल सोडून गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापले, तेव्हा इतिहासाचे कपाट उघडले असे म्हणायला हरकत नाही, पण खरे तर उघडल्या होत्या त्या गाठी.

राजाकडे आणि सरदाराकडे तर कपाटाऐवजी खोल्याच असत. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांची नावे वाचावीत. शिलेखान्यात शस्त्रे, जवाहिरखान्यात रत्ने, फरासखान्यात तंबू-राहुट्या, बिछायती आणि जाजमे. पुण्यातला फरासखाना आज पोलीस चौकीच्या नावात उरला आहे. यांतला जामदारखाना मला फार बोलका वाटतो. फारसीत ‘जामा’ म्हणजे कपडा. राजाची वस्त्रे सांभाळायची ही खोली. पण भरजरी वस्त्रे म्हणजे पैसाच, त्यांच्या शेजारी दागिने, दागिन्यांशेजारी रोकड, असे होत जामदारखाना म्हणजे खजिना झाला. इंग्लंडमध्येही हेच घडले होते. तिथल्या राजाच्या कपड्यांची खोली म्हणजे ‘वॉर्डरोब’. तेराव्या शतकात ते राजाच्या तिजोरीचे खाते बनले आणि पहिल्या एडवर्डने वेल्सवर केलेल्या स्वाऱ्यांचा खर्च त्या वॉर्डरोबमधून भागवला गेला. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन दरबारांत कपड्यांच्या खोलीचा खजिना व्हावा, यात योगायोग कमी आहे. कापड हीच तेव्हा साठवून ठेवता येणारी दौलत होती.

शिलेखान्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण अलमारीचा जन्म त्याच्याच भावंडाच्या पोटी झाला आहे. लॅटिनमध्ये ‘आर्मा’ म्हणजे शस्त्रे, हत्यारे, अवजारे. ती जिथे ठेवायची ते ‘आर्मारियम’. रोमन माणसाने या आर्मारियममध्ये लवकरच शस्त्रांखेरीज बाकी सगळे भरायला सुरुवात केली. प्रतिष्ठित घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे करून ते दर्शनी दालनातल्या छोट्या-छोट्या आर्मारियममध्ये ठेवीत, असे रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो. घरात कोणी वारले की ते मुखवटे बाहेर निघत आणि पूर्वज अंत्ययात्रेत सामील होत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि हर्क्युलेनियम हे गाव गाडले गेले. तिथल्या उष्णतेने लाकूड जळून राख होण्याऐवजी कोळसा होऊन टिकले. त्यामुळे तिथे रोमन कपाटे प्रत्यक्ष पाहायला मिळतात. एका घराला तर आज ‘लाकडी देवघराचे घर’ असेच म्हणतात. त्यात सापडलेल्या कपाटाचा वरचा भाग चिमुकल्या देवळासारखा, खांबांसकट, आणि खाली वस्तू ठेवायचा कप्पा. वर देव आणि खाली वाती, कापूर, जानवी ठेवायचा खण असलेले शिसवी देव्हारे ज्यांनी आजोळी पाहिले आहेत त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

मग या आर्मारियममध्ये ग्रंथ आले. ग्रंथसंग्रह कोणाला मृत्युपत्राने दिला तर त्यात नुसती कपाटे आली की आतले ग्रंथही, असा वाद रोमन कायदेपंडितांना घालावा लागला. त्यांच्यातल्याच उल्पियनने तो नोंदवून ठेवला आहे, आणि उत्तर असे की देणाऱ्याच्या मनात काय होते ते पाहावे. पुस्तकांच्या कपाटाचे एक फार सुरेख चित्र आपल्यापर्यंत पोचले आहे. आठव्या शतकाच्या आरंभी उत्तर इंग्लंडमधल्या वेअरमाउथ आणि जॅरो इथल्या जोडमठात बायबलची एक प्रचंड हस्तलिखित प्रत तयार झाली. हजाराहून अधिक चर्मपत्री पाने, आणि वजन असे की एकट्याने उचलू नये. तिच्यातल्या या चित्रात एझ्रा हा लेखनिक बाकावर बसून लिहितो आहे आणि त्याच्या मागे दोन्ही पल्ले उघडलेले कपाट. आतल्या फळ्यांवर नऊ ग्रंथ आडवे ठेवलेले आहेत, आपल्याकडच्या पोथ्या ठेवतात तसे. पुस्तक उभे करून ठेवायची रीत अजून यायची होती. मठाधिपती केओलफ्रिथ ही प्रत पोपला अर्पण करायला ७१६ मध्ये स्वतः निघाला आणि वाटेतच, फ्रान्समध्ये, वारला. ग्रंथ पुढे गेला. आज तो फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे.

युरोपातल्या मठांमध्ये ग्रंथपालाला ‘आर्मारियस’ म्हणत, म्हणजे कपाटवाला. बाराव्या शतकातल्या एका फ्रेंच मठवासीयाने तर ग्रंथांचे कपाट नसलेल्या मठाची तुलना शस्त्रागार नसलेल्या किल्ल्याशी केली. लॅटिनमध्ये हे दोन्ही शब्द एकाच धातूचे असल्याने ते कानाला फार गोड लागते. शस्त्रांच्या जागी पुस्तके आली तरी शब्दाला आपले घराणे आठवत होते.

लॅटिनमधून हा शब्द फ्रेंचमध्ये ‘आर्म्वार’ झाला आणि पोर्तुगीजमध्ये ‘आर्मारियु’. दोन ‘र’ जवळजवळ आले की जिभेला अडखळायला होते आणि पहिल्याचा ‘ल’ होतो. आपल्याकडे नंबरचा ‘लंबर’ करतात, त्याच जातीची ही सोय. जुन्या स्पॅनिश-पोर्तुगीजमध्येच ‘आल्मारियु’ असे रूप बोलले जाई. तेच गलबतात बसून पूर्वेकडे आले.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवे घेतले, पाठोपाठ चौलला पोर्तुगीजांचा कोट झाला आणि १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांच्या स्वाधीन केली. कोकणची किनारपट्टी दोनशे वर्षे त्यांच्या सहवासात राहिली. युद्ध, धर्मांतर आणि जुलूम यांची हकिगत आपण बखरींतून आणि कागदपत्रांतून वाचतो. घरगुती हकिगत शब्दांत राहिली. बटाटा, पाव, कोबी, बालदी, घमेले, पिंप, इस्त्री, पगार, लिलाव, तुरुंग. आणि आपल्या विषयाशी थेट संबंध असलेले तीन: अलमारी, बिजागरी, चावी. बिजागरी म्हणजे त्यांची ‘बिझाग्रा’, चावी म्हणजे ‘शाव्ह’. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन आले आणि त्या आपल्या देवळांत बांधल्या. शब्द मात्र लुटीत आलेले नाहीत. ते सुतारांच्या, लोहारांच्या, खानसाम्यांच्या आणि मोलकरणींच्या तोंडून आले.

गोव्यातल्या सुतारांनी या व्यवहारात आपली बाजू काही कमी राखली नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात त्यांनी पोर्तुगीज धन्यांसाठी ‘कोंतादोर’ नावाची अनेक खणांची पेटीकपाटे बनवली. शिसवाच्या पृष्ठभागावर काळे आबनूस आणि पांढरे हस्तिदंत जडवून एकात एक गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी. कुलपाच्या भोकाभोवती जाळीदार पितळी पत्रे. आणि खाली पायांच्या जागी कोरलेल्या नागकन्या, छातीवर हात जोडून सगळा भार पेलणाऱ्या. घाट युरोपचा आणि पाय पाताळातले. लिस्बनच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत ही कपाटे आज मानाने उभी आहेत. ती ज्या चारी-मेस्त सुतारांनी घडवली त्यांची नावे त्यांच्यावर नाहीत, ही सल मला ती पाहताना नेहमी लागते.

गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत कपाटाला ‘आरमार’ म्हणतात. मराठी वाचक इथे चमकणार. आपले आरमार म्हणजे शिवाजी महाराजांचे, गुराबा-गलबतांचे, कान्होजी आंग्ऱ्यांचे. तेही पोर्तुगीजच, ‘आर्मादा’ या शब्दावरून आलेले. म्हणजे शस्त्रसज्ज तांडा. मूळ तेच, ‘आर्मा’. कल्याण-भिवंडीच्या खाडीत महाराजांनी जहाजे बांधायला घेतली तेव्हा रुई लैतांव व्हियेगश या पोर्तुगीजाच्या हाताखालची माणसे कामावर होती. १६५९ मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवून परत नेले. माणसे गेली, शब्द राहिला, आणि पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आले. घरातली अलमारी आणि समुद्रातले आरमार ही सख्खी चुलत भावंडे आहेत, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

हे नाते शोधणाऱ्यांत एका गोमंतकीयाचे नाव आदराने घ्यायला हवे. मोन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फु दाल्गादु, जन्म १८५५, बार्देशातले आसगाव. धर्मगुरू म्हणून ते पुष्कळ फिरले आणि जातील तिथली भाषा शिकत गेले. त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश १८९३ मध्ये मुंबईत छापला गेला. आशियातल्या भाषांवर पोर्तुगीज शब्दांचा काय परिणाम झाला हे सांगणारा त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. त्यात एकेक पोर्तुगीज शब्द घेऊन तो कोंकणी, मराठी, गुजरातीपासून मलायापर्यंत कोणकोणत्या रूपांत पोचला ते त्यांनी मांडले. शेवटच्या वर्षांत आजाराने त्यांचे पाय कापावे लागले. तरी काम थांबले नाही. १९२२ मध्ये ते लिस्बनला वारले. आपल्या स्वयंपाकघरातल्या निम्म्या शब्दांची वंशावळ या माणसाने लावून दिली, आणि मराठी शाळांच्या पुस्तकांत त्यांचे नाव सहसा भेटत नाही.

अलमारीचा प्रवास तर थक्क करणारा आहे. हिंदी, उर्दू, बंगालीत आलमारी. तमिळमध्ये अलमारि, मल्याळममध्ये अलमारा, सिंहलीत अल्मारिय, मलायात अलमारी आणि इंडोनेशियात ‘लेमारी’. इंग्रज इथे आले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचे कबर्ड आणि वॉर्डरोब असूनही त्यांनी हिंदुस्थानात ‘आल्मायरा’ म्हणायला सुरुवात केली. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे. भारतीय इंग्रजीत आजही सरकारी कार्यालयाच्या मागणीपत्रात ‘स्टील आल्मायरा’ लिहितात.

मराठी मुलखात सुटे कपाट आधी शिरले ते घरात नव्हे, वाचनालयात आणि कचेरीत. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे नगर वाचन मंदिर, १८४८ ची. छापील पुस्तके बासनात बांधता येत नाहीत. त्यांना उभे राहायला फळी लागते आणि धूळ-वाळवीपासून जपायला काच. काचेची दारे असलेली ती उंच सागवानी कपाटे, वरच्या पट्टीवर रंगवलेले आकडे, आणि दात्याच्या नावाची पाटी, हा सरंजाम ज्याने लहानपणी पाहिला त्याला ग्रंथालय म्हटले की तोच वास आठवतो. ठाण्याला १८९३ मध्ये आणि मुंबईला १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली. युरोपातल्या मठात आर्मारियमची जी योग्यता होती ती आपल्याकडे कपाटाला या वाचनालयांनी दिली.

घरात कपाट आले ते दोन वाटांनी. एक वाट स्वयंपाकघराची: बारीक जाळीच्या दारांचे दुधाचे कपाट. हवा खेळावी म्हणून जाळी, मांजराने तोंड घालू नये म्हणून घट्ट खिटी, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत. रोज सकाळी त्या वाट्यांतले पाणी बदलणे हे घरातल्या मुलाबाळांचे काम. फ्रिज आला आणि हे कपाट कोकणातल्या पडवीत किंवा माळ्यावर गेले.

दुसरी वाट लोखंडाची, आणि ती लालबागहून निघते. अर्देशीर बर्जोरजी गोदरेज हे १८६८ मध्ये जन्मलेले मुंबईचे पारशी वकील. खोटे बोलावे लागते म्हणून वकिली त्यांना पटली नाही. शस्त्रक्रियेची उपकरणे बनवून पाहिली, पण त्यांवर ‘भारतात बनलेले’ असा शिक्का हवा हा त्यांचा आग्रह गिऱ्हाइकाला मान्य झाला नाही, आणि तो धंदा त्यांनी सोडला. मग १८९७ मध्ये लालबागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी कुलपे बनवायला घेतली. १९०२ मध्ये तिजोरी आली. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले, तेव्हाचे तीन लाख. वनस्पती तेलापासून त्यांनी जो साबण काढला त्याचे नाव ‘चावी’, तीच पोर्तुगीजांची शाव्ह. आणि १९२३ च्या सुमारास पोलादी कपाट आले. भाऊ पिरोजशा यांनी पुढे विक्रोळीचा कारखाना उभा केला. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो पोलादी मतपेट्या तिथेच तयार झाल्या.

मुंबईच्या चाळीत भिंतीत फडताळ कोरायची सोय नव्हती. भिंत विटेची, पातळ आणि दुसऱ्याच्या मालकीची. दहा बाय बाराच्या खोलीत लोखंडी कपाट हेच तळघर, हीच संदूक, हाच जामदारखाना. हिरवट-करडा रंग, मधला गोल मुठीचा खटका, एका पल्ल्यावर उभा आरसा, आत चोरखण. त्या चोरखणात सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मंगळसूत्राची जुनी वाटी, मुलांचे जन्मदाखले आणि कोणालाही न सांगितलेले थोडे पैसे. घरात बाईच्या हक्काची म्हणावी अशी जागा बहुधा तेवढीच. लग्नाच्या याद्यांतही हे कपाट आले आणि वधूपित्याच्या छातीवर बसले. १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला तरी ते यादीतून लवकर हलले नाही. हेही त्याच्या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

आता नव्या फ्लॅटमध्ये भिंतीभर ‘वॉर्डरोब’ करतात, प्लायवूडचे, छतापर्यंत, सरकत्या दारांचे. सुतारांची बोली बदलली; चौकट, झडप, खण, कप्पा यांच्या जागी शटर, ड्रॉवर आणि चॅनल आले. पण कपाट पुन्हा भिंतीत गेले आहे आणि पुन्हा त्याची फक्त दारे दिसतात. आपल्या पणजीने त्याला फडताळ म्हटले असते आणि तिचे चुकले नसते.

या सगळ्यात एक काम मात्र तातडीचे आहे. पुणे, वाई, सातारा, नाशिक, कोकण, जिकडे पाहावे तिकडे वाडे उतरवले जात आहेत. वासे, खांब, दारे यांना गिऱ्हाईक मिळते; फडताळाच्या आत काय होते ते बघायला कोणी थांबत नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करत फिरले, पेटारे, माळे, फडताळे धुंडाळली, लोकांच्या विनवण्या केल्या, म्हणून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे २२ खंड उभे राहिले. पहिला १८९८ मध्ये निघाला. त्यांच्या आधी वाळवीने आणि बंबाने किती कागद खाल्ले याची मोजदाद नाही. तुमच्या गावचे घर पाडायला निघाले असेल तर आधी प्रत्येक कोनाडा, दिवळी आणि फडताळ हाताने रिकामे करा, त्यांना तुमच्या घरात काय म्हणत ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून घ्या, आणि मोडी लिपीतला एकही कागद सापडला तर तो रद्दीत देऊ नका. १९१० मध्ये राजवाड्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात आहे. तिथे किंवा जवळच्या पुराभिलेखागारात नेऊन तो जाणकाराला दाखवा.